थिओडोर कोखर: ऑपरेशननंतर रुग्णांना परत बोलावणारे सर्जन

थायरॉइडचे ऑपरेशन होऊन रुग्ण घरी गेला की पहिल्या-दुसऱ्या भेटीतच एक प्रश्न हमखास येतो. गाठ तर काढून टाकली, मग आता रोजची गोळी कशाला आणि पुन्हा पुन्हा रक्त तपासायचे कशासाठी? शहापूर आणि मुरबाडच्या आतल्या गावांतून येणाऱ्यांना हा प्रश्न पडणे अगदी साहजिक आहे. टोकावडे, धसईकडच्या माणसाला एसटीने कल्याण गाठावे लागते. डोळखांब, किन्हवलीकडून निघालेल्याला आधी आसनगाव स्टेशन आणि मग लोकल. एका तपासणीत अख्खा दिवस जातो, मजुरी बुडते. आवणीचे दिवस असले तर घरातले कोणी सोबत यायला मोकळे नसते. मग एक तारीख चुकते, पुढची चुकते. गोळ्यांची बाटली संपते आणि नवी आणली जात नाही.

या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राला सुमारे १४० वर्षांपूर्वी मिळाले, आणि ते बऱ्याच रुग्णांच्या हालअपेष्टांतून मिळाले. ते शोधणाऱ्यांत एक नाव ठळक आहे, स्वित्झर्लंडमधील बर्न शहराचे सर्जन थिओडोर कोखर. थायरॉइडचे ऑपरेशन सुरक्षित केले म्हणून जग त्यांना ओळखते. रुग्णांनी मात्र त्यांची आठवण आणखी एका गोष्टीसाठी ठेवायला हवी. आपली ऑपरेशने यशस्वी झाली असे सगळे म्हणत असताना त्यांनी जुन्या रुग्णांना परत बोलावले आणि आपली चूक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

डोंगराळ मुलुखातला आजार

कोखर यांचा जन्म २५ ऑगस्ट १८४१ रोजी बर्नमध्ये झाला. वडील इंजिनिअर होते, आई अत्यंत धार्मिक वृत्तीची. घरातली शिस्त आणि श्रद्धा दोन्ही त्यांच्यात शेवटपर्यंत राहिली. १८६५ मध्ये बर्नमध्येच ते डॉक्टर झाले. नंतर बर्लिन, लंडन, पॅरिस, व्हिएन्ना इथल्या नामवंत सर्जनांचे काम त्यांनी जवळून पाहिले. १८७२ मध्ये, वयाची ३१ वर्षेही पूर्ण झाली नसताना, बर्नच्या विद्यापीठात ते शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले. पुढे इतर शहरांतून बोलावणी आली, तरी त्यांनी बर्न सोडले नाही.

त्या काळी स्वित्झर्लंडच्या डोंगराळ गावांत गलगंड घरोघरी दिसे. तिथल्या माती-पाण्यात आयोडीन फार कमी होते. आयोडीन मिळाले नाही की गळ्यातली थायरॉइड ग्रंथी कमतरता भरून काढण्यासाठी वाढत जाते. काहींची गाठ इतकी मोठी होई की श्वासनलिका दाबली जाऊन जीव गुदमरे.

यापेक्षा वेगळा असा दुसरा आजार म्हणजे थायरॉइडचे अतिकाम. यात ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन तयार करते. वजन उतरते, हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते, काहींचे डोळे पुढे आल्यासारखे दिसतात. सर्वांत जास्त ताण हृदयावर येतो. बसल्या जागी छातीत धडधडते आणि नाडी शंभराच्या वर पळते. १८३५ मध्ये डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी असे रुग्ण नोंदवले, तेव्हा त्यांच्याही नजरेत आधी भरली ती धडधडच. १८४० मध्ये जर्मनीतील कार्ल फॉन बेसडो यांनी याच आजाराचे वर्णन केले. आज आपण त्याला ग्रेव्हज आजार म्हणतो.

रक्त न सांडणारे हात

थायरॉइडला रक्तपुरवठा भरपूर असतो. शेजारीच आवाजाची नस आणि श्वासनलिका असते. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांमुळे हे ऑपरेशन इतके जीवघेणे ठरे की त्या काळचे बरेच नावाजलेले सर्जन त्याला हात लावायला तयार नसत. कोखर यांनी सुरुवातीच्या १० वर्षांत गलगंडाची सुमारे १०० ऑपरेशने केली, तेव्हा त्यांच्याकडेही शंभरामागे जवळजवळ १३ रुग्ण दगावले. त्या काळाच्या मानाने हा आकडा चांगला होता. कोखर यांना तो मान्य नव्हता.

त्यांचा उपाय घाईचा नव्हता. इतर सर्जन वेगाचा अभिमान बाळगत, कोखर सावकाश काम करत. प्रत्येक रक्तवाहिनी आधी पकडायची, बांधायची आणि मगच कापायची. हात, हत्यारे, पट्ट्या यांची स्वच्छता काटेकोर ठेवायची. आवाजाच्या नसेला धक्का लागू द्यायचा नाही. रक्तवाहिनी पकडण्याचा त्यांचा चिमटा आजही ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांच्याच नावाने मागितला जातो. १९१२ पर्यंत त्यांच्या थायरॉइड ऑपरेशनांची संख्या ५,००० च्या घरात गेली, आणि मृत्यूंचे प्रमाण शंभरामागे एकाच्याही खाली आले.

घरी गेलेल्या मुलीचे काय झाले

याच कौशल्यात एक धोका लपलेला होता. १८७४ मध्ये कोखर यांनी ११ वर्षांच्या एका मुलीची थायरॉइड ग्रंथी पूर्ण काढली. जखम भरली, मुलगी घरी गेली. काही वर्षांनी तिला पाठवणाऱ्या डॉक्टरांनी कळवले की मुलगी पार बदलली आहे. तिची धाकटी बहीण पूर्वी तिच्याशी इतकी मिळतीजुळती होती की ओळखताना चूक व्हावी. ती बहीण आता वाढून तरुण झाली होती. ही मात्र ठेंगणीच राहिली होती, चेहरा सुजलेला, हालचाल आणि बोलणे मंद.

१८८२ मध्ये जिनिव्हाचे सर्जन जाक-लुई रेवर्दां यांच्याशी बोलणे झाले. त्यांनाही पूर्ण ग्रंथी काढलेल्या रुग्णांत असाच बदल दिसत होता. आता कोखर यांना गप्प बसणे शक्य नव्हते. त्यांनी पूर्ण ग्रंथी काढलेल्या आपल्या जुन्या रुग्णांना शोधून परत तपासणीला बोलावले. १८ जणांना तपासता आले. त्यांपैकी १६ जणांची प्रकृती ढासळलेली होती. थकवा, थंडी सहन न होणे, अंगावर सूज, कोरडी त्वचा, केस गळणे, विचारांत मंदपणा. गाठ काढून बरे केले म्हणून ज्यांची नोंद झाली होती, तीच ही माणसे.

एप्रिल १८८३ मध्ये बर्लिनच्या सर्जन परिषदेत कोखर यांनी हे सगळे उघडपणे मांडले. कारण सांगताना सुरुवातीला त्यांचा अंदाज चुकला. श्वासनलिकेला इजा होऊन शरीराला प्राणवायू कमी पडत असावा असे त्यांना वाटले. लंडनचे फेलिक्स सीमॉन यांनी खरे कारण सुचवले की थायरॉइडच नसणे हाच हा आजार. १८८८ मध्ये लंडनच्या डॉक्टरांच्या समितीने त्यावर शिक्कामोर्तब केले. कोखर यांनी त्याआधीच ठरवून टाकले होते की कर्करोग नसेल तर संपूर्ण ग्रंथी काढायची नाही, थोडा भाग ठेवायचाच.

पुढे अमेरिकन सर्जन विल्यम हॅलस्टेड यांनी यातली एक गंमत दाखवून दिली. व्हिएन्नाचे बिलरोथ भराभर काम करत, त्यामुळे त्यांच्याकडून ग्रंथीचे तुकडे मागे राहत असावेत, पण शेजारच्या छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावल्या जात. म्हणून त्यांच्या रुग्णांना कॅल्शियम कमी पडून हातापायांत पेटके येत. कोखर इतके नीटनेटके की ग्रंथीचा कणही मागे राहत नसे, म्हणून त्यांच्या रुग्णांना हार्मोनच उरत नसे. ऑपरेशननंतर तुमचे डॉक्टर कॅल्शियम आणि टीएसएच या दोन्ही तपासण्या का सांगतात, याचे मूळ इथे आहे.

हार्मोन नसेल तर हृदयाचे काय होते

थायरॉइड हार्मोन शरीराच्या प्रत्येक पेशीचा वेग ठरवतो. तो जास्त झाला की हृदय धावते. पुरेसा नसेल तर हृदय मंदावते. नाडी हळू चालते, रक्तातले कोलेस्टेरॉल वाढते, दम लागतो, अंगावर सूज येते. फार काळ उपचार झाले नाहीत तर हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी साचू शकते.

यावर उपाय सापडायला १८९१ साल उजाडले. इंग्लंडमधील न्यूकॅसलचे तरुण डॉक्टर जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून हार्मोन नसलेल्या एका ४६ वर्षांच्या बाईंवर उपचार केले. त्या बाई पुढे आणखी २८ वर्षे जगल्या. १९१४ च्या अखेरीस अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी हार्मोन शुद्ध रूपात वेगळे केले. आज सकाळी घ्यायची छोटी पांढरी थायरॉक्सिनची गोळी याच वाटेने आली आहे. तुमच्या ग्रंथीने जे तयार केले असते तेच तिच्यात असते. म्हणून ती गोळी म्हणजे ऑपरेशननंतरचा जोड-उपचार नव्हे. काढलेल्या अवयवाची जागा ती घेते.

आधी हृदय शांत करा

अतिकाम करणाऱ्या थायरॉइडचे ऑपरेशन कोखर यांनाही सर्वांत अवघड वाटे. या रुग्णांचे हृदय आधीच थकलेले असे. ऑपरेशन नीट पार पडूनही एक-दोन दिवसांत तीव्र ताप, बेफाम नाडी, भ्रम आणि मृत्यू, असे घडे. अशा हृदयाला क्लोरोफॉर्मची गुंगीही झेपत नसे. कोखर गुंगी टाळून जागा बधिर करून काम करत. गरज पडल्यास आधी ग्रंथीच्या एक-दोन रक्तवाहिन्या बांधत, रुग्णाला सावरू देत आणि मग टप्प्याटप्प्याने ग्रंथी काढत.

आज हे काम औषधे करतात. थायरॉइडचा वेग कमी करणाऱ्या गोळ्या काही आठवडे दिल्या जातात, धडधड रोखणारी गोळी दिली जाते, काहींना ऑपरेशनआधी थोडे दिवस आयोडीनचे थेंब दिले जातात. भरती करून घेतले आणि नाडी जास्त आहे म्हणून ऑपरेशन पुढे ढकलले, असे झाले की घरचे वैतागतात. गावाहून आलेल्यांची तर सगळी व्यवस्था कोलमडते. पण ती पुढची तारीख हृदय वाचवण्यासाठी असते.

एक रुग्ण, नाडेझ्दा क्रुपस्काया

१९१३ मध्ये कोखर यांच्याकडे रशियन क्रांतिकारक लेनिन यांच्या पत्नी नाडेझ्दा क्रुपस्काया आल्या. वय ४४. हे दांपत्य तेव्हा पोलंडच्या भागात परागंदा आयुष्य जगत होते. धडधड, थरथर आणि अशक्तपणा यांनी त्या बेजार होत्या. डोंगरातली हवा लागली की बरे वाटेल म्हणून काही दिवस तसे करून पाहिले, पण उपयोग झाला नाही. शेवटी दोघे बर्नला आले. तोपर्यंत कोखर ७१ वर्षांचे होते आणि त्यांच्याकडे रुग्णांची रांग लागलेली असे.

जुलैमध्ये ऑपरेशन झाले. सुमारे तीन तास ते चालले, तेही पूर्ण गुंगी न देता. दुसऱ्या दिवशी जोराचा ताप चढला, त्या बरळू लागल्या. मग हळूहळू उतार पडला. आणखी दोन आठवडे डोंगरात विश्रांती घ्यावी असा कोखर यांचा आग्रह होता. पण पक्षाची कामे खोळंबली होती. दोघे लगेच परत निघाले.

१९१५ मध्ये त्यांच्या आईचे निधन झाले आणि त्यानंतर आजाराने पुन्हा डोके वर काढले. डॉक्टरांनी परत डोंगराची हवा आणि विश्रांती सांगितली. त्या वेळी विश्रांती घेतली असती तर आजार उलटला नसता, असे म्हणता येणार नाही. ग्रंथीचा थोडा भाग मागे ठेवावाच लागे, कारण हार्मोनची भरवशाची गोळी अजून आली नव्हती. आणि मागे राहिलेला तो भाग पुन्हा अतिकाम करू शके. ऑपरेशननंतर क्रुपस्काया २५ वर्षांहून अधिक जगल्या, शिक्षण आणि ग्रंथालयांसाठी त्यांनी मोठे काम केले. २७ फेब्रुवारी १९३९ रोजी, सत्तरावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचे निधन झाले.

आज ग्रेव्हज आजारात सर्जन बहुधा जवळजवळ संपूर्ण ग्रंथी काढतात, म्हणजे आजार उलटण्याची भीती राहत नाही. कोखर यांनी जे करणे सोडून दिले होते, ते आज सुरक्षित झाले आहे ते केवळ रोजच्या गोळीमुळे. गोळी बंद केली की आपण थेट १८८३ मधल्या त्या १६ जणांच्या रांगेत जाऊन बसतो.

शेवटची वर्षे

१९०९ मध्ये कोखर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मिळवणारे ते पहिले सर्जन. १९१२ मध्ये त्यांनी संशोधन संस्थेसाठी बर्नला २ लाख स्विस फ्रँकची देणगी दिली. त्यांचा मोठा मुलगा आल्बर्टही सर्जन झाला आणि वडिलांच्या हाताखाली काम करू लागला. २७ जुलै १९१७ रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी कोखर यांचे निधन झाले. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आयोडीनयुक्त मीठ आले आणि ज्या गलगंडावर त्यांनी आयुष्य वेचले तो हळूहळू कमी होत गेला.

ऑपरेशननंतर घरी काय सांभाळावे

*पहिले २४ तास:* गळ्याला अचानक सूज येणे, श्वास घ्यायला त्रास होणे ही तातडीची बाब आहे. रुग्णालयात असाल तर लगेच नर्सला सांगा, घरी असाल तर १०८ ला फोन करा.

*पहिला आठवडा:* ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येणे, हातापायांत पेटके येणे हे कॅल्शियम कमी झाल्याचे लक्षण असू शकते. अशक्तपणा आहे म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

*धडधडीची गोळी:* रक्तातला जुना हार्मोन उतरायला वेळ लागतो. सुमारे आठवड्याला तो निम्मा होतो. त्यामुळे ग्रंथी काढल्यावरही काही दिवस धडधड जाणवू शकते. ही गोळी मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टर ती हळूहळू कमी करतात.

*नाडी मोजा:* मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवा आणि पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. सकाळी, उठून बसल्यावर, चहाच्या आधी. शांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी साधारण ६० ते १०० असते. ती सतत १०० च्या वर असेल, ६० च्या खाली जाऊन चक्कर किंवा थकवा येत असेल, किंवा ठोके अनियमित पडत असतील तर लिहून ठेवा आणि दाखवा. घरातल्या शाळकरी मुलालाही हे शिकवता येते.

*अनियमित ठोके:* अतिकाम करणाऱ्या थायरॉइडमुळे काहींच्या हृदयाची लय बिघडलेली असते. हार्मोन ताळ्यावर आल्यावर बऱ्याच जणांची लय काही महिन्यांत सुधारते, पण सगळ्यांची नाही. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर ती बरे वाटतेय म्हणून थांबवू नका. ती पक्षाघात टाळण्यासाठी असते.

*थायरॉक्सिनची गोळी:* सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या. चहा, नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनी. उपवास असला तरी ही गोळी चुकवू नका. जास्त गोळी घेतली म्हणून लवकर बरे वाटत नाही, उलट हृदयाला पुन्हा धडधड लागते आणि हाडे ठिसूळ होतात. वय जास्त असेल किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टर मात्रा जपून ठरवतात.

*रक्ततपासणी:* साधारण सहा ते आठ आठवड्यांनी तपासून मात्रा ठरते. अतिकाम खूप दिवस असेल तर टीएसएच काही महिने कमीच दिसू शकतो, म्हणून सोबत टी-४ ही तपासतात. मात्रा बसली की तपासणीचे अंतर वाढते. गरोदरपणाची शक्यता असेल तर लगेच कळवा, तेव्हा मात्रा बदलावी लागते.

*जाणे-येणे:* प्रत्येक वेळी ऑपरेशन झालेल्या मोठ्या रुग्णालयातच जावे लागेल असे नाही. डिस्चार्ज कार्डाची प्रत घेऊन शहापूर किंवा मुरबाडच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा. नाडी, रक्तदाब आणि गोळीची विचारपूस तिथल्या डॉक्टरांकडे होऊ शकते. पुढची तारीख घेताना आवणी-कापणीचे दिवस डॉक्टरांना सांगा, म्हणजे तारीख पाळता येईल अशी देता येते.

छातीत दुखणे, खूप दम लागणे, चक्कर येऊन पडणे, तोंड वाकडे होणे किंवा एका हाताची ताकद जाणे, यांपैकी काहीही झाले तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

कोखर यांच्या १८ रुग्णांना परत यायला उशीर झाला होता आणि आले तेव्हा त्यांना देण्यासारखी गोळी नव्हती. तुमच्या तारखेला गोळीही आहे आणि रक्ताची तपासणीही. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

(हा लेख माहितीसाठी आहे. औषधाची मात्रा आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.)